कुलाबा किल्ल्यातील आंग्र्यांचा वाडा : उभारणी, वारसाहक्काचा प्रश्न आणि १८४२ चा लिलाव

प्रस्तावना

अलिबागच्या किनाऱ्यावरून ओहोटीच्या वेळी पायी जाता येईल असा कुलाबा किल्ला रायगड जिल्ह्यातील सर्वांत परिचित जलदुर्गांपैकी एक होय. किल्ल्याची तटबंदी, बुरूज, दरवाजे, गोड्या पाण्याची पुष्करणी आणि सिद्धिविनायकाचे मंदिर आजही सुस्थितीत आढळते. मात्र ज्या घराण्यामुळे हा किल्ला सव्वाशेहून अधिक वर्षे एका राज्याची राजधानी म्हणून ओळखला गेला, त्या आंग्रे घराण्याचे किल्ल्यातील वाडे नाहीसे झाले आहेत. त्यांच्या जागी केवळ दगडी जोती शिल्लक राहिली आहेत.

जुन्या वास्तूंच्या नाशाची कारणे सांगताना सामान्यतः शत्रूचा हल्ला, आग किंवा काळाचा परिणाम यांचा उल्लेख केला जातो. कुलाब्याच्या बाबतीत ही कारणे अपुरी ठरतात. किल्ल्याने मोठे हल्ले परतवून लावले, दोन मोठ्या आगी सोसल्या, तरीही तेथील वस्ती टिकून राहिली. वाड्याचा अखेरचा नाश १८४२ साली शांततेच्या काळात झाला, आणि तो सरकारी लिलावाच्या मार्गाने झाला. राज्य खालसा होण्याची प्रक्रिया आणि वास्तू मोडण्याची प्रक्रिया यांचा परस्परसंबंध तपासणे, तसेच किल्ल्यात आज काय शिल्लक आहे व काय नाही यामागील कारणांचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. येथे ‘कुलाबा’ या शब्दाने अलिबागजवळील किल्ला अभिप्रेत आहे. मुंबई शहरातील कुलाबा हा भाग वेगळा होय.

जलदुर्ग ते राजधानी

कुलाबा किल्ल्याच्या बांधकामास छत्रपती शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीच्या अखेरीस, म्हणजे मार्च १६८० मध्ये प्रारंभ झाला. एप्रिल १६८० मध्ये महाराजांचे निधन झाले आणि बांधकाम छत्रपती संभाजी महाराजांच्या काळात १६८१ मध्ये पूर्णत्वास गेले. किल्ल्याची दक्षिणोत्तर लांबी सुमारे ९०० फूट व रुंदी सुमारे ३५० फूट असून त्यास १७ बुरूज आहेत. तटबंदीतील प्रचंड चिरे चुन्याचा वापर न करता एकमेकांवर रचलेले आहेत. चिऱ्यांमधील फटींमुळे लाटेचा जोर विभागला जातो व तटावर येणारा ताण कमी होतो. मुख्य किल्ल्याच्या उत्तरेस सर्जेकोट हा लहान उपदुर्ग आहे.

सतराव्या शतकाच्या अखेरीस कान्होजी आंग्रे यांच्या उदयाबरोबर किल्ल्याचे स्वरूप पालटले. आंग्रे घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. पुणे प्रांतातील अंगारवाडी या गावावरून आंग्रे हे नाव रूढ झाले. कान्होजींचे वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या सेवेत होते. कान्होजींना सरखेल हा किताब मिळाला आणि १७१३-१४ मध्ये बाळाजी विश्वनाथ यांच्या मध्यस्थीने छत्रपती शाहू महाराजांशी झालेल्या समझोत्यानंतर कोकण किनाऱ्यावरील त्यांच्या सत्तेला रीतसर मान्यता प्राप्त झाली. १७२० मध्ये त्यांनी किनाऱ्यावर हिराकोट बांधला. समुद्रातील कुलाबा, किनाऱ्यावरील हिराकोट आणि सभोवती विस्तारत जाणारी अलिबागची वस्ती, असे या राजधानीचे स्वरूप होते.

१७२१ च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज यांनी एकत्र येऊन कुलाब्यावर मोहीम काढली. सुमारे सहा हजारांचे सैन्य व कमोडोर मॅथ्यूज यांच्या हाताखालील चार लढाऊ जहाजे त्यात सहभागी होती. ही मोहीम अयशस्वी झाली व जानेवारी १७२२ मध्ये वरसोली येथे पोर्तुगीजांना तह करावा लागला. युरोपीय आरमारांना बळाने घेता न आलेल्या या किल्ल्यातील वाडा एकशे वीस वर्षांनंतर कागदावरील एका आदेशाने मोडला गेला, हा विरोधाभास येथे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

वाड्याचे प्रयोजन व बांधणी

मराठेशाहीतील सरदाराचा वाडा हा केवळ निवासाची जागा नसे. सदरेवर निवाडे होत, वसुलाचे हिशेब पाहिले जात, वकिलांच्या भेटी होत आणि मानकऱ्यांना वस्त्रे दिली जात. माजघर व देवघर हा कुटुंबाचा भाग असला तरी लग्नकार्य, दत्तविधान, सुतक आणि सणवार यांमुळे त्यालाही राजकीय अर्थ असे. अलिबाग, आक्षी, नागाव, चौल, थळ, किहीम इत्यादी अष्टागरातील गावांचा कारभार, नारळ-सुपारीच्या बागा, भातशेती व मीठ यांवरील कर आणि आरमाराचा खर्च यांचे सूत्र अशाच सदरेवरून हलविले जात असे. अलिबागेत आंग्र्यांची टांकसाळही होती. इंग्रज प्रवासी जेम्स फोर्ब्स याने १७७१ च्या सुमारास राघोजी आंग्रे यांची भेट घेतली. राघोजी किल्ल्यात वास्तव्य करीत असले तरी त्यांचे वाडे, तबेले व बागा अलिबागेतही होत्या. यावरून सत्तेची जागा पाण्यातील किल्ला आणि किनाऱ्यावरील नगर या दोन्ही ठिकाणी विभागलेली होती, असे दिसते.

मराठा वाड्याच्या बांधणीचे सर्वसाधारण तंत्र लक्षात घेतल्यास कुलाब्यातील अवशेषांचा अर्थ उलगडतो. वाड्याचे जोते घडीव दगडाचे असते. त्यावर दगडी उथळ्यांवर लाकडी खांब उभे राहतात. खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट आणि सर्वांत वर कौलारू छप्पर, असा भार लाकडी सांगाड्यातून जोत्यावर उतरतो. भिंती विटांच्या अथवा मातीच्या असल्या तरी इमारतीचा मुख्य भार त्या वाहत नाहीत. याचाच अर्थ असा की, वाड्याचे प्राण लाकडात असतात. सागाचे लाकूड गलबतांच्या बांधणीसाठीही लागत असल्याने आरमारी सत्तेच्या दृष्टीने ते दुहेरी मोलाचे होते. पुढे लिलावात नेमके हेच लाकूड विकले गेले.

दोन आगी

लाकडी बांधणीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे अग्नी. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. त्याच वर्षी पिंजरा बुरुजाजवळ लागलेल्या आगीत किल्ल्यातील अनेक इमारती नष्ट झाल्या. त्यानंतरचा काळ घराण्याच्या दृष्टीने कसोटीचा होता. कान्होजींचे पुत्र सेखोजी हे १७३३ मध्ये निवर्तले. संभाजी व मानाजी या बंधूंमध्ये तंटा निर्माण झाला आणि १७३५ मध्ये बाजीराव पेशव्यांच्या मध्यस्थीने दौलतीची वाटणी झाली. कुलाबा मानाजींकडे वजारतमाब या किताबासह राहिला, तर सरखेल हा किताब व दक्षिणेकडील ठाणी संभाजींकडे गेली. १७४० मध्ये संभाजींनी कुलाब्यावर चाल केली, तेव्हा मानाजींच्या मदतीस नानासाहेब आले होते. बाजीरावांचे निधन झाले त्या वेळी नानासाहेब या कुलाब्याच्या मोहिमेवरच होते.

फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज व पेशवे यांच्या संयुक्त मोहिमेत विजयदुर्ग पडला, तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले आणि आंग्र्यांची दक्षिणेकडील शाखा संपुष्टात आली. कुलाब्याची शाखा मात्र टिकली. मानाजींच्या पश्चात १७५८ मध्ये राघोजी आंग्रे हे गादीवर आले. त्यांनी १७५९ मध्ये किल्ल्यात सिद्धिविनायकाचे दगडी मंदिर बांधले. विजयदुर्गाच्या पाडावानंतर अवघ्या तीन वर्षांत राजधानीच्या किल्ल्यात पक्के देवालय उभे राहिले, ही घटना राज्याच्या स्थैर्याची द्योतक मानता येईल.

१७८७ मध्ये किल्ल्यात दुसरी मोठी आग लागली आणि तीत आंग्र्यांचा वाडा भस्मसात झाला. परंतु ही वाड्याची अखेर ठरली नाही. १८४२ मध्ये विकण्याजोग्या लाकडी इमारती किल्ल्यात उभ्या होत्या, यावरूनच मधल्या काळात नव्याने बांधकाम झाल्याचे सिद्ध होते. १७९३ मध्ये राघोजींच्या निधनानंतर गादीसाठी संघर्ष झाला. बाबूराव आंग्रे यांनी शिंद्यांच्या पाठबळावर कुलाब्याचा ताबा घेतला व १८१३ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर दुसरे मानाजी यांच्याकडे सत्ता परत आली. अशा अस्थिर काळातही किल्ल्यातील वस्ती उठली नाही. आगीत वाडा जळाला तरी तो पुन्हा बांधण्याचा अधिकार, गरज व साधने असलेले घराणे तेथे होते, हे यामागचे मुख्य कारण होय.

वारसाहक्काचा प्रश्न

१८१८ मध्ये पेशवाईचा अंत झाला आणि १८२२ च्या तहाने आंग्र्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचे वर्चस्व मान्य केले. अंतर्गत कारभार घराण्याकडे राहिला, तथापि गादीवरील वारसास मान्यता देण्याची बाब कंपनीच्या हाती गेली. १८३४ मध्ये कंपनीच्या संचालक मंडळाने संस्थानिकांच्या दत्तकास परवानगी देणे हा अपवाद समजावा, असे धोरण ठरविले. या धोरणाचा परिणाम लवकरच कुलाब्यास भोगावा लागला.

डिसेंबर १८३८ मध्ये दुसरे राघोजी आंग्रे यांचे निधन झाले. त्यांच्या मृत्यूनंतर जन्मास आलेला पुत्र १८३९ मध्ये अर्भकावस्थेतच मरण पावला. दत्तक घेण्याची घराण्याची विनंती कंपनी सरकारने नाकारली आणि १८४० मध्ये राज्य खालसा करण्यात आले. संस्थाने खालसा करण्याचे धोरण हे सामान्यतः लॉर्ड डलहौसी यांच्या नावाशी व १८४८ मधील साताऱ्याच्या प्रकरणाशी जोडले जाते. कुलाबा मात्र त्याच्या आठ वर्षे आधी, लॉर्ड ऑकलंड यांच्या कारकिर्दीत खालसा झाला. प्रदेश व महसूल यांची न्याय्य प्राप्ती सोडून देऊ नये, ही संचालक मंडळाची १८४१ मधील भूमिका कुलाब्याच्या संदर्भातच मांडली गेली होती. त्यामुळे कुलाब्याचे प्रकरण हे पुढील अनेक प्रकरणांचा पूर्वसंकेत ठरते.

दत्तकास नकार देण्याचा परिणाम केवळ महसुलापुरता मर्यादित नव्हता. हिंदू कुटुंबव्यवस्थेत दत्तकपुत्र हा श्राद्धाचा, कुलाचाराचा व घराच्या निरंतर वहिवाटीचाही अधिकारी असतो. राज्याला वारस नाही असे ठरताच राजवाड्यालाही वारस उरला नाही. कालपर्यंत घर असलेली वास्तू सरकारी दप्तरात मालमत्ता म्हणून गणली जाऊ लागली.

१८४२ चा लिलाव

राज्य खालसा झाल्यानंतर दोन वर्षांनी, १८४२ मध्ये, किल्ल्यातील लाकडी इमारतींची लिलावाने विक्री करण्यात आली. कंपनी सरकारच्या दृष्टीने यामागील हिशेब सरळ होता. किल्ल्यास आता लष्करी महत्त्व उरले नव्हते. भरतीच्या वेळी पाण्याने वेढल्या जाणाऱ्या ठिकाणी कचेरी चालविणे गैरसोयीचे होते. उलट किनाऱ्यावरील हिराकोट उपयोगी ठरला व त्याचे रूपांतर तुरुंगात झाले. ज्या वास्तूचा नव्या राजवटीस उपयोग होता ती टिकली. ज्या वास्तूचे केवळ साहित्य मोलाचे होते ती सुटी करून विकली गेली.

लाकूड काढून घेतल्यावर वाड्याचे काय होते, हे कोकणात वेगळे सांगावयास नको. अलिबागच्या किनाऱ्यावर वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. छप्पर व खांब गेल्यानंतर उघड्या पडलेल्या भिंती असा पाऊस आणि खारा वारा यांपुढे फार काळ तग धरू शकत नाहीत. म्हणूनच लिलावानंतर वाडा पाडण्यासाठी वेगळी मोहीम काढण्याची गरज नव्हती. उरलेले काम पावसाळ्यांनी पार पाडले. शेवटी जोते तेवढे राहिले.

अन्य उदाहरणांशी तुलना

कुलाब्याचे वेगळेपण समकालीन उदाहरणांशी तुलना केल्यास अधिक स्पष्ट होते. रायगडावरील राजवाडा मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफगोळ्यांमुळे लागलेल्या आगीत नष्ट झाला. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला, तर बुधवारवाडा १८७९ मध्ये आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. पहिल्या उदाहरणात युद्ध आणि नंतरच्या दोन उदाहरणांत आग ही नाशाची प्रत्यक्ष कारणे होती. कुलाब्यास यांपैकी कोणतेच कारण लागू होत नाही.

कुलाब्याचे खरे साम्य नागपूरशी आहे. १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले यांचे निधन झाले, १८५४ मध्ये राज्य खालसा झाले आणि त्यानंतर राजवाड्यातील हत्ती, घोडे व बैल यांची सीताबर्डी येथे, तर जडजवाहिराची कलकत्ता येथे लिलावाने विक्री झाली. नागपूरच्या लिलावाने त्या काळी मोठा संताप निर्माण केला व त्याची नोंद इतिहासग्रंथांतून वारंवार घेतली गेली. त्यापूर्वी बारा वर्षे कुलाब्यात झालेला लिलाव मात्र दुर्लक्षित राहिला. जडजवाहिराच्या विक्रीत अपमान सहज दिसतो. खांब आणि तुळयांच्या विक्रीत तो सहसा दिसत नाही. वस्तुतः नागपूरला घरातील चीजवस्तू विकल्या गेल्या, तर कुलाब्यात प्रत्यक्ष घरच विकले गेले.

शिल्लक अवशेष आणि इतिहासाची प्रतिमा

किल्ल्यात आज दिसणाऱ्या वास्तूंची यादी केल्यास एक सूत्र हाती लागते. तटबंदी व बुरूज टिकले, कारण ते दगडाचे असून मोडण्याचा खर्च त्यांच्या किमतीपेक्षा अधिक होता. सिद्धिविनायकाचे पंचायतन, देवीची देवळे आणि हजरत हाजी कमालउद्दीन शाह यांचा दर्गा टिकला, कारण ती पूजास्थाने होती व लोकांची श्रद्धा त्यांच्या पाठीशी उभी होती. पुष्करणी टिकली, कारण समुद्रातील गोड्या पाण्याची गरज राजवटीबरोबर संपत नाही. तटावरील दोन तोफांवर यॉर्कशायरमधील लो मूर या इंग्रजी कारखान्याचे नाव आढळते. या सर्वांतून वगळली गेली ती राज्यकारभाराची व कौटुंबिक जीवनाची जागा, म्हणजे वाडा.

या निवडक नाशाचा परिणाम आंग्र्यांच्या ऐतिहासिक प्रतिमेवरही झाला आहे. अठराव्या शतकातील इंग्रजी लिखाणात आंग्र्यांना सर्रास चाचे म्हटले गेले. वस्तुतः छत्रपतींनी दिलेला अधिकार, दस्तके देण्याची पद्धत, टांकसाळ, देवस्थानांना दिलेली इनामे व गावोगावचा वसूल ही सर्व एका सुव्यवस्थित राज्याची लक्षणे आहेत. मराठी अभ्यासकांनी ही बाजू कागदपत्रांच्या आधारे समर्थपणे मांडली आहे. अलिबागचे डॉ. दा. गो. ढबळे यांचा ‘कुलाबकर आंग्रे सरखेल’ हा ग्रंथ आणि शां. वि. आवळसकर यांचे ‘आंग्रेकालीन अष्टागर’ हे संपादन या दृष्टीने महत्त्वाचे आहे. तथापि किल्ल्यास भेट देणाऱ्या सामान्य माणसासमोर कागद नसतात. त्याच्यासमोर तट, बुरूज आणि तोफा असतात. जेथे निवाडे होत ती सदर आणि जेथे हिशेब लिहिले जात ती कचेरी त्याच्या नजरेस पडत नाही. परिणामी आंग्रे म्हणजे केवळ समुद्रावरील लढवय्ये, अशी एकांगी समजूत दृढ होते.

नावांच्या बाबतीतही हाच अनुभव येतो. खालसा झालेल्या राज्याच्या प्रदेशातून पुढे कुलाबा जिल्हा आकारास आला व १८६९ मध्ये त्यास पूर्ण जिल्ह्याचा दर्जा मिळाला. किल्ल्याचे नाव अशा रीतीने प्रशासनात शतकाहून अधिक काळ टिकले. १९८१ मध्ये जिल्ह्याचे नाव रायगड असे करण्यात आले. दुसरीकडे, मुंबईतील नौदलाचे ‘डलहौसी’ या नावाने ओळखले जाणारे किनारी ठाणे १९५१ मध्ये ‘आय.एन.एस. आंग्रे’ झाले. स्वतंत्र भारताच्या नौदलाने आंग्र्यांच्या आरमारी कर्तृत्वाला दिलेली ही उचित मान्यता होय. त्यांच्या राज्यकारभाराचे असे ठळक स्मारक मात्र उभे राहिलेले नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. कुलाबा किल्ल्यातील आंग्र्यांचा वाडा हा युद्धात पडला नाही, आणि आगीने त्याची कायमची अखेरही केली नाही. १७२९ व १७८७ च्या आगींनंतरही किल्ल्यात बांधकाम होत राहिले, कारण बांधणारे घराणे सत्तेवर होते. १८४० मध्ये दत्तकाचा अधिकार नाकारला गेल्याने वास्तूमागील घराण्याचा आधार गेला आणि १८४२ च्या लिलावाने तिचा लाकडी सांगाडा नाहीसा केला. म्हणून वाड्याच्या नाशाची मीमांसा करताना लिलावाइतकेच महत्त्व त्यापूर्वीच्या वारसाहक्काच्या निर्णयास देणे क्रमप्राप्त ठरते.

दुसरी गोष्ट अशी की, किल्ल्यातील आजचे अवशेष म्हणजे अठराव्या शतकातील कुलाब्याचे यथातथ्य चित्र नव्हे. काय ठेवावे व काय विकावे याविषयी नव्या राजवटीने केलेल्या हिशेबाची छाप त्या अवशेषांवर आहे. कुलाबा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. तटबंदीच्या जतनाबरोबरच वाड्यांच्या जोत्यांचे मोजमाप, उथळ्यांच्या जागांची नोंद आणि त्यावरून खण व चौक यांचा आराखडा तयार करणे हे काम स्थानिक महाविद्यालयांतील इतिहास विभागांच्या आवाक्यातील आहे. लाकूड विकले गेले असले तरी ते कोठे उभे होते हे दगड अजून सांगू शकतात. दरवर्षीच्या पावसात ही जोती झिजत असल्याने या कामास विलंब होणे इष्ट नाही.